नऊ विती लांब, चार विती रुंद

विद्यापीठ बघायला जाताना लोक सोबत काय काय नेतात, मला माहीत नाही. पाण्याची बाटली नेत असतील, छत्री नेत असतील, तोंड पाडून मागे मागे चालणारं स्वतःचं मूल तर नेतातच. मी गादी नेली होती.

त्याचं असं झालं, की आमची लेक पहिल्यांदाच घर सोडून राहायला गेली. तिला लहानपणापासून दगडांचं वेड. आमच्या घरात जोडे ठेवायच्या कपाटात जोडे सोडून सगळ्या जातीचे दगड सापडतात. तिला हवं ते भूगर्भशास्त्र गाडीने चारेक तासांवरच्या एकाच विद्यापीठात मिळत होतं, आणि तिथली जागा तिने जिद्दीने मिळवली. आम्ही तिला हॉस्टेलात सोडून आलो आणि आठवडाभरात फोन सुरू झाले. शिक्षक बरे आहेत, जेवण बरं आहे, खोलीतली दुसरी मुलगी बरी आहे, पण मला इथे झोप येत नाही. आधी हे वाक्य शेवटी यायचं. मग ते मधे यायला लागलं, मग सुरुवातीलाच. आणि एका बुधवारी ती म्हणाली, "बाबा, रविवारी मला न्यायला या. मी सामान बांधून ठेवते."

बायकोने फोन ठेवल्या ठेवल्या लेकीच्या खाटेवर धुतलेली चादर घातली. म्हणाली, घेऊन या तिला, दगड काय इकडेही आहेत. मला मात्र ते गिळवेना. एकदा सोडलेली जागा परत मिळणार नव्हती, तिच्यामागे पुष्कळ मुलं वाट बघत होती. वर्षभराने हीच मुलगी त्या जोड्यांच्या कपाटासमोर बसून हळहळणार, हे मला दिसत होतं. मी खूप विचार केला आणि अशा निष्कर्षाला आलो, की मुलीचं काहीही बिघडलेलं नाही, बिघडलंय ते गादीचं. हॉस्टेलातली गादी मी पहिल्याच दिवशी हाताने दाबून बघितली होती. तिला गादी म्हणणं हा हॉस्टेलवाल्यांचा मोठेपणा होता. मी बायकोला म्हटलं, तिची घरची गादी घेऊन जातो. तर ती म्हणाली, मग ती इथे आल्यावर कशावर झोपेल? म्हणजे नवी करणं भाग होतं.

माप माझ्याकडे तयार होतं. मी पाणीपुरवठा खात्यात ड्राफ्ट्समन आहे. शहराखालून कुठला नळ कुठे वळतो, हे कागदावर केसाचाही फरक न पडता दाखवणं हा माझा धंदा, आणि कुठलीही वस्तू दिसली की ती मोजणं ही माझी खोड. लेकीला सोडायला निघालो तेव्हा बायकोने माझ्या खिशातून टेप काढून घेतला होता. तिथे जाऊन मोजमापं काढत बसू नका, मुलीला लाज वाटते, असं तिचं म्हणणं. पण हात काढून घेता येत नाहीत. कोणाचं लक्ष नाही असं बघून मी खाट वितीने मोजली होती. नऊ विती लांब, चार विती रुंद.

आमच्या इमारतीत खासगी असं काही राहत नाही. गादीची बातमी जिन्यात पोहोचली आणि सल्ले वर यायला लागले. पहिल्या मजल्यावरच्या निवृत्त मुख्याध्यापकांचं मत, मुलांना फरशीवर झोपवावं, त्याने चारित्र्य घडतं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, गादी कडक हवी. त्यांच्या सौभाग्यवतींनी मागे राहून मला हळूच सांगितलं, यांचं ऐकू नका, हे स्वतः मऊवर झोपतात. सगळ्यात निरुपयोगी सल्ला दिला तो तळमजल्यावरच्या काकूंनी. त्यांचे दोन्ही मुलगे हॉस्टेलात राहून शिकले. त्या म्हणाल्या, "अहो, हॉस्टेलात मुलं झोपतच नाहीत. आमची दोघं शिक्षण संपेपर्यंत झोपली नाहीत. घरी येऊन झोपली ती अजून उठायची आहेत." अशा बाईशी गादीविषयी काय बोलायचं? मी विषय बदलला.

गादीवाला मात्र मला पहिल्या नजरेत आवडला. दुकानाच्या दारात उभा राहिला की आत अंधार व्हायचा, एवढा मोठा गडी. मी माप सांगितलं, तसं त्याने नुसती मान हलवली, खोळीचं कापड जमिनीवर पसरलं आणि आपला ताटाएवढा पंजा त्यावर टेकवत, पुटपुटत सरकत गेला. टेपच्या जमान्यात वितीवर विश्वास ठेवणारा माणूस भेटला म्हणून मला भरून आलं. मी शेजारी उभा राहून अतिशय समाधानाने ते सगळं बघत होतो, हे मला मुद्दाम नोंदवावंसं वाटतं. शुक्रवारी गादी गुंडाळून, बांधून तयार होती. जरा मोठी वाटते का, असं मी विचारलं. तो म्हणाला, कापूस अस्सल आहे, फुगतो.

आता ती न्यायची कशी? शेजारच्या कॅप्टननी त्यांची गाडी देऊ केली, आणि गाडीबरोबर अर्थातच स्वतःलाही. कॅप्टनचा जहाजाशी किंवा सैन्याशी काही संबंध नाही. शाळेत ते बुद्धिबळाच्या संघाचे कप्तान होते आणि संघात एकूण दोघे होते. पण नाव पडलं आणि त्या नावाला जागायचं म्हणून ते कुठलंही काम हुकूम सोडत करतात. रविवारी सकाळी गादी गाडीच्या टपावर चढवली. सगळी इमारत गॅलऱ्यांतून सूचना देत होती. कॅप्टननी दोरी एका खिडकीतून आत घेतली, दुसऱ्या खिडकीतून बाहेर काढली, असे बरेच वेढे दिले आणि शेवटी एक गाठ मारली. गॅलऱ्यांतून वाहवा झाली. मग आम्ही आत बसायला गेलो, आणि लक्षात आलं की दोरीने टपाबरोबर चारही दारं बांधली गेली होती.

मी म्हटलं, सोडा आणि पुन्हा बांधा. कॅप्टन दुखावल्यासारखे झाले. ही गाठ सुटत नाही, हेच तर तिचं वैशिष्ट्य, असं ते म्हणाले. आम्ही डिकी उघडली आणि मागच्या सीटवरून रांगत पुढे गेलो. पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने रविवारी सकाळी सगळ्या इमारतीच्या साक्षीने डिकीतून गाडीत शिरावं, याविषयी मी अधिक लिहीत नाही. बायको गॅलरीत उभी होती. ती वरून एवढंच म्हणाली, "येताना तिला तरी दारातून बसवा."

विद्यापीठाच्या फाटकात पोहोचलो तर तिथे कमान, फुगे, आणि पिवळ्या टोप्या घातलेली मुलंमुली ओळीने उभी. त्या दिवशी त्यांचा खुला दिवस होता. पुढच्या वर्षी प्रवेश घेऊ पाहणारी मुलं आणि त्यांचे आईबाप विद्यापीठ बघायला येणार होते. आमची गाडी थांबली. एक पिवळी टोपी लगबगीने दार उघडायला आली, तिने दार ओढलं, ते हललं नाही. तेवढ्यात मागची डिकी उघडली आणि तिच्यातून आधी कॅप्टन आणि मग मी, असे दोघे पाय पुढे करून बाहेर आलो. रांगेतल्या एका मुलीने टाळ्या वाजवल्या. स्वागताचा तो भाग आहे, असं तिला वाटलं असावं.

पहारेकऱ्याने नियम सांगितला. सामान फक्त प्रवेशाच्या दिवशी आत जातं, आज फक्त पाहुणे. मी विनवण्या केल्या, मुलीची झोप, मुलीचं भवितव्य, सगळं सांगितलं. शेवटी वैतागून म्हटलं, मग हिला पाहुणी समजा. तो विनोद होता. पण पहारेकरी सरळ माणूस होता. त्याने विचार केला, आणि पाहुण्यांचे तीन बिल्ले काढले. एक कॅप्टनच्या गळ्यात, एक माझ्या, आणि तिसरा त्याने स्वतःच्या हाताने गादीला बांधला. कॅप्टनची टपावरची गाठ मात्र काही सुटली नाही. सुरी मागवून दोरीचे तुकडे करावे लागले. कॅप्टन तेवढा वेळ दुसरीकडे बघत उभे राहिले.

बिल्ल्याबरोबर दुसरा नियम आला. पाहुण्यांनी एकट्याने फिरायचं नाही, मार्गदर्शकाबरोबर गटानेच जायचं. आणि मुलींचं हॉस्टेल गटाच्या फेरीत सगळ्यात शेवटी होतं. अशा रीतीने आमच्या गादीला संपूर्ण विद्यापीठ दाखवण्यात आलं. पिवळ्या टोपीतली एक हसरी मुलगी उलट्या पावलांनी चालत, हात पसरून माहिती देत होती. तिच्यामागे पालक, त्यांच्यामागे त्यांची मुलं, आणि सगळ्यात शेवटी गादी. पुढचं टोक कॅप्टनच्या डोक्यावर, मागचं माझ्या. तिथल्या प्रसिद्ध घुमटाबद्दल, जुन्या झाडांबद्दल मी बरंच ऐकलं. पाहिल्या त्या फक्त कॅप्टनच्या टाचा.

कॅप्टनच्या पुढच्या गृहस्थांनी मागे वळून विचारलं, ही कुठल्या शाखेची? मला दम लागला होता. मी एवढंच म्हणू शकलो, "भूगर्भ." बस. प्रयोगशाळांच्या इमारतीपर्यंत गटात बातमी पसरली होती की भूगर्भवाल्यांना स्वतःची गादी आणावी लागते. एका बाईंनी मार्गदर्शक मुलीला विचारलं, रसायनवाल्यांना उशी चालेल का? मी गादीखालून खुलासा करायचा प्रयत्न केला, पण डोक्यावर गादी असलेल्या माणसाचं कोणी मनावर घेत नाही. उलट दोघातिघांनी मला गादीवाल्याचा पत्ता विचारला.

ग्रंथालयाच्या दारात तिसरा नियम भेटला. बॅगा काउंटरवर ठेवायच्या. काउंटरवरचा माणूस म्हणाला, बॅगा ठेवतो, गाद्या नाही, आणि बेवारस वस्तू बाहेर ठेवायची नाही. म्हणून कॅप्टन गादीजवळ थांबले आणि मी आत जाऊन पुस्तकं बघून आलो. बाहेर येतो तर गादी पायऱ्यांपाशी अर्धी उलगडलेली आणि तिच्यावर कॅप्टन, छातीवर बिल्ला, गाढ झोपलेले. दुसऱ्या एका गटाची मार्गदर्शक नेमकं तेव्हाच सांगत होती, की परीक्षेच्या दिवसांत आमचे विद्यार्थी ग्रंथालय सोडून हलत नाहीत. तो सगळा गट कॅप्टनकडे बघून समजुतीने मान डोलवत होता.

पण खरी मानहानी मैदानावर झाली. तिथे उंच उडीचं प्रात्यक्षिक होतं. खांब रोवलेले, आडवी काठी लावलेली, उडी मारणारा ताडमाड मुलगा पाय झटकत उभा, आणि खाली टाकायची गादीच आलेली नव्हती. क्रीडाशिक्षकांनी आम्हाला लांबूनच पाहिलं आणि शिट्टी फुंकली. मी काही बोलण्याआधी दोन दांडगी पोरं आली, गादी आमच्या डोक्यावरून उचलली आणि खांबांमागे पसरली. मी ओरडलो, ती माझ्या मुलीची आहे. शिक्षक म्हणाले, दोनच उड्या, साहेब. त्या मुलाने काठी सहज ओलांडली आणि माझ्या लेकीच्या झोपेवर पाठीने आदळला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षकांनी गादीवर दोनचार थापा मारल्या आणि म्हणाले, "झकास आहे हो. ऐसपैस." मी त्याही स्थितीत सुखावलो. ऐसपैस या शब्दाचा मी तेव्हाच विचार करायला हवा होता.

शेवटी हॉस्टेल आलं. जिन्याच्या खालच्या पायरीवर आमची लेक बसली होती, शेजारी बांधलेली बॅग. डोळ्यांखाली काळं आलेलं, चेहरा एवढासा. आतापर्यंत गादी जिंकणार याविषयी मला शंका नव्हती, पण त्या बॅगेकडे बघून पहिल्यांदाच वाटलं, की आपण मूर्ख आहोत आणि हिची आई बरोबर आहे. लेकीने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मातीने माखलेल्या गादीकडे, मग तिच्या बिल्ल्याकडे, मग आमच्यापुढे उभ्या असलेल्या पंचवीसेक अनोळखी माणसांकडे.

"बाबा, हे काय?"

"गादी."

"मी घरी येणार म्हटलं होतं ना?"

"हो. आज दुपारी हिच्यावर पडून बघ. नाही बरं वाटलं, तर दोघींना घेऊन जातो."

ती काही बोलायच्या आत रसायनवाल्या बाई पुढे झाल्या आणि त्यांनी तिला विचारलं, तू भूगर्भची का गं, गादी सक्तीची आहे का? लेक लाजेने लाल झाली. तिने गादीचं एक टोक पकडलं, आणि त्या गर्दीतून सुटण्यासाठीच असेल, जिना चढायला लागली. रेक्टरबाईंनी मला हाताने अडवलं. पुरुषांना जिन्यापुढे मज्जाव होता. दुसरं टोक लोंबकळत राहिलं. तेवढ्यात वरून एक किडकिडीत मुलगी धावत आली, तिने ते धरलं. ती खोलीतली दुसरी मुलगी. या दोघी आल्यापासून एकमेकींशी जेमतेम बोलल्या होत्या, हे मला नंतर कळलं.

आम्ही खाली उभे. वरून आवाज यायला लागले. उभी धर. अगं, तिरकी कर. दार उघडं ठेव. खाट सरकव. मग आणखी पावलं धावली, आणखी आवाज मिसळले, काहीतरी पडलं, आणि एकदम हशा झाला. रेक्टरबाई कपाळाला आठ्या घालून वर गेल्या. खाली आल्या तेव्हा आठ्या होत्या, पण त्यांच्याखालचा चेहरा त्यांना आवरत नव्हता. त्यांच्यामागून लेक आली. केसांत कापूस.

"बाबा, ती खाटेवर मावत नाही. दोन्हीकडून लोंबतेय. दार लागत नाही."

"शक्यच नाही. मी स्वतः मोजलीय खाट. नऊ विती लांब, चार विती रुंद."

"आणि गादीवाल्याने?"

"त्यानेही वितीनेच. माझ्यासमोर."

"कोणाच्या?"

मी माझ्या हाताकडे पाहिलं. माझे हात लहान आहेत. घरातल्या अरुंद तोंडाच्या बरण्या आतून पुसायचं काम लग्नापासून माझ्याकडे आहे, ते त्यामुळेच. मग मला तो गादीवाल्याचा पंजा आठवला, कापडावर टेकणारा, सरकणारा, आणि शेजारी समाधानाने उभा असलेला मी. ज्याने सगळ्या शहराचे नळ मोजले, तो हा माणूस. माझा चेहरा बघून लेक खाली पायरीवर बसली आणि हसायला लागली. पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. किडकिडीत मुलगी कठड्यावर वाकून हसत होती, तिच्यामागे आणखी कितीतरी मुली. कॅप्टनही हसत होते, ज्यांची गाठ कापावी लागली होती ते कॅप्टन. सगळ्या हॉस्टेलसमोर माझी अब्रू चालली होती, आणि मला इतका आनंद होत होता की विचारू नका. किती दिवसांत मी तो हसण्याचा आवाज ऐकला नव्हता.

गादी परत नेणं शक्य नव्हतं, दोरीचे तुकडे झाले होते. खोलीत ठेवणं शक्य नव्हतं, दार लागत नव्हतं. रेक्टरबाईंनी कोंडीतून वाट काढली. वरच्या मजल्याच्या टोकाला मुलींना बसायची एक खोली होती, तिथे बसायला मात्र काही नव्हतं, म्हणून कोणी बसत नसे. तात्पुरती तिथे टाका, असं त्या म्हणाल्या. आम्हाला त्यांनी चहा दिला. आम्ही चहा प्यायलो, संपला, तरी लेक खाली येईना. वरून एकदा कोणीतरी गाणं म्हटलं, एकदा कोणीतरी ओरडलं की तिचे दगड आणा, आम्हाला बघायचेत. मी तिच्या बॅगेशेजारी बसून राहिलो.

ऊन उतरायला लागलं तशी ती आली. "तुम्ही निघा, बाबा. अंधाराच्या आत पोहोचायला हवं."

"आणि तू?"

"मी बघते. पुढच्या रविवारपर्यंत." असं म्हणून तिने बॅग उचलली आणि वर नेली. जिन्यात वळून बघायलाही विसरली.

गाडीला आता दोरी नव्हती, दारं उघडत होती, तरी कॅप्टन सवयीने डिकीकडे गेले. घरी पोहोचलो तर बायको फाटकात उभी. तिने वाकून मागची सीट पाहिली.

"कुठे आहे?"

"गादी मोठी झाली."

"मी लेकीचं विचारतेय."

"तेच सांगतोय."

मी सगळं सांगितलं. ती कुठेही हसली नाही. लेकीच्या खाटेवरची चादर तिने काढलीही नाही. त्यानंतर फोन आला नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. आम्ही केला की कोणीतरी भलतीच मुलगी उचलायची आणि ती गादीवर आहे, असं सांगायची. बायकोला वाटलं, पोरगी आजारी पडली. शेवटी गुरुवारी ती स्वतः बोलली, धापा टाकत.

"बाबा, एक काम कराल? आणखी एक गादी हवी. आम्ही सगळ्या मावत नाही."

मी तत्परतेने खिशातून टेप काढला आणि खोलीची लांबीरुंदी विचारली.

"टेप नको, बाबा. त्याच गादीवाल्याकडे जा आणि नऊ विती सांगा. त्याच्या."

मी म्हटलं, ते बघू, पण आता झोप लागते ना? तर ती म्हणाली, "झोपायला वेळ कुठंय?" आणि मागून कोणीतरी हाक मारली म्हणून तिने फोन ठेवून दिला. तळमजल्यावरच्या काकूंना हे कळता कामा नये, असा विचार माझ्या मनात सर्वांत आधी आला.

बायको फोनला कान लावून शेजारीच उभी होती. ती तडक लेकीच्या खोलीत गेली. मी जरा वेळाने मागोमाग गेलो. तिने खाटेवरची चादर काढून घडी केली होती आणि लेकीची घरची गादी गुडघ्याने दाबत गुंडाळत होती.

"नवी कशाला?" ती म्हणाली. "ही घेऊ. कॅप्टनना रविवारचं विचारून ठेवा. या वेळी मीही येणार, मग डिकीतून का होईना."